रोड बाइकची तुटलेली गिअर केबल बदलताना: सुरुवात लिव्हरपासून, स्क्रू सगळ्यात शेवटी

गिअर केबल तुटली की बहुतेक जण स्क्रू ड्रायव्हर घेऊन मागच्या डिरेलरपाशी, म्हणजे चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागापाशी, बसतात. केबल तिथे बांधलेली दिसते, चेनही तिथेच अडकलेली असते, म्हणून दुरुस्तीही तिथलीच असणार असं वाटतं. मग लिमिट स्क्रू (डिरेलर दोन्ही टोकांना कुठवर जाईल हे ठरवणारे) फिरवले जातात, नवी केबल घाईने ओढली जाते, आणि संध्याकाळपर्यंत एका दोषाचे तीन दोष होतात. तुटण्याआधी काल-परवापर्यंत गिअर नीट पडत होते, याचा अर्थ लिमिट स्क्रू जागेवर होते, डिरेलर सरळ होता, चेनही ठीक होती. बिघडली ती फक्त तार. आणि रोड बाइकवर ही तार बहुतेक वेळा हँडलवरच्या लिव्हरच्या आत तुटते, कारण तिथे ती एका लहानशा चाकाभोवती वळते आणि प्रत्येक गिअरला त्याच जागी दुमडते.

म्हणून या कामाचा क्रम लिव्हरकडून डिरेलरकडे असा ठेवायचा. पुढचं सगळं उजव्या लिव्हरच्या, म्हणजे मागच्या गिअरच्या केबलबद्दल आहे. तीच जास्त तुटते. डाव्या केबलसाठी जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे. इलेक्ट्रॉनिक गिअरवाल्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

## रस्त्यात तुटली असेल तर

मागची केबल तुटली की डिरेलरची स्प्रिंग चेनला मागच्या चाकाच्या सर्वांत लहान दातेरी चक्रावर नेऊन ठेवते, म्हणजे सर्वांत जड गिअर. पुढची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) लहान घ्या, तेवढ्यानेही बरंच निभावतं. चढ असेल तर H असं लिहिलेला लिमिट स्क्रू आत फिरवून चेन एखाद-दुसऱ्या मोठ्या चक्रावर थोपवता येते. हे करताना स्क्रूचे फेरे मोजा आणि लक्षात ठेवा, कारण घरी आल्यावर पहिलं काम तेवढेच फेरे उलटे फिरवण्याचं आहे.

तुटलेल्या तारेचं लोंबणारं टोक गुंडाळून फ्रेमला बांधा. ते चाकाच्या तारांमध्ये गेलं तर दुखणं केबलपुरतं राहत नाही.

आणि एक: लिव्हर पुन्हा पुन्हा दाबून "बघू, पडतोय का" करू नका. आत राहिलेला तुकडा प्रत्येक दाबाबरोबर आणखी खोल गुंडाळला जातो.

## १. आधी सामान जमवा

केबल घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, जाडी. गिअरची तार १.१ किंवा १.२ मिमी असते, ब्रेकची १.५ ते १.६. दुसरी, टोकाचं डोकं. गिअर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी शिमानो आणि स्रॅमला सारखंच छोटं नळकांडं चालतं, कॅम्पाग्नोलोचं त्याहून किंचित लहान असतं. शिमानोचं डोकं कॅम्पाग्नोलोच्या लिव्हरमध्ये ठोकून बसवलं तर ते बाहेर काढणं हा वेगळाच उद्योग होतो. तिसरी, लांबी. मागच्या गिअरसाठी साधारण २१०० मिमीची तार पुरते. वेगळ्या आवरणाची महागडी तार हवीच असं नाही. साधी गुळगुळीत स्टेनलेस स्टीलची तार उत्तम काम करते.

आउटर, म्हणजे तार ज्या नळीतून जाते ती, बदलायची असेल तर गिअरचीच घ्या. गिअरच्या आउटरमध्ये पोलादी तारा उभ्या, लांबीच्या दिशेने असतात, म्हणून ती दाबाखाली आखडत नाही आणि प्रत्येक क्लिकला तार मोजून तेवढीच सरकते. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ब्रेकची आउटर गिअरला लावली तर गिअर कधीच नीट जुळत नाहीत.

> सावधान: उलटं, म्हणजे गिअरची आउटर ब्रेकला, कधीही लावू नका. जोरात ब्रेक दाबल्यावर ती फाटू शकते.

बाकी हत्यारं: केबल कापायचं खास कटर, ४ आणि ५ मिमीच्या अ‍ॅलन की, बारीक नाकाची पक्कड, टोकदार आरी किंवा दाभण, टॉर्च, फेरूल (आउटरच्या टोकाला बसणाऱ्या टोप्या) आणि तारेच्या शेवटी दाबून बसवायची छोटी टोपी. साध्या पक्कडीने तार कापू नका. ती कापली जात नाही, चेपते, तिचे धागे सुटतात आणि मग ती कुठल्याच भोकातून जात नाही. सायकल उभी करायला स्टँड नसेल तर मागचं चाक हवेत राहील अशी काहीतरी सोय करा. क्रँक (पेडलचा दांडा) हाताने फिरवता आला नाही तर शेवटचा निम्मा भाग करताच येणार नाही.

## २. लिव्हर पूर्ण सोडा

ही पायरी लोक सर्रास विसरतात. लिव्हरच्या आतल्या चाकावर डोकं बसायची जागा असते. ती जागा बाहेरच्या भोकासमोर फक्त एकाच स्थितीत येते: लिव्हर सर्वांत लहान चक्राच्या स्थितीत असताना. केबल तुटली म्हणून चेन लहान चक्रावर गेलेली असते खरी, पण लिव्हर अजून चौथ्या किंवा पाचव्या गिअरच्या खाचेत अडकलेला असू शकतो. चेनकडे बघून फसू नका.

शिमानोत ब्रेकच्या पात्यामागचा लहान लिव्हर, स्रॅममध्ये गिअरच्या पात्याचा छोटा दाब, कॅम्पाग्नोलोत अंगठ्याची कळ. ताण सोडणारी जी कळ तुमच्या लिव्हरला असेल ती क्लिक येणं थांबेपर्यंत दाबा. तारेचा ताण नसल्याने आतलं चाक कधी कधी आळसावतं आणि एका दाबात मागे येत नाही. गिअर जितके आहेत त्याहून चार-सहा वेळा जास्त दाबा.

डाव्या लिव्हरलाही हाच नियम: पुढची लहान चेनरिंग ज्या स्थितीत पडते त्या स्थितीपर्यंत सोडा.

## ३. तुटलेलं डोकं आणि प्रत्येक धागा बाहेर काढा

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि तो जाऊ द्यावा.

रबरी हूड, म्हणजे लिव्हरवरचं आवरण, मागून किंवा बाजूने उलटा. शिमानोच्या लिव्हरमध्ये भोक बहुधा बाहेरच्या बाजूला सापडतं. काही मॉडेलमध्ये ब्रेकचं पातं दाबून धरल्याशिवाय ते दिसत नाही, काहींवर प्लॅस्टिकचं छोटं झाकण असतं. इतर कंपन्यांत ही जागा आतल्या किंवा खालच्या बाजूला असते. आपल्या मॉडेलचं चित्र आधी एकदा पाहून घ्या, नाहीतर भलताच स्क्रू उघडला जातो.

टॉर्च मारून पाहा. नशीब बरं असेल तर डोकं भोकासमोर दिसेल आणि आरीच्या टोकाने ढकलताच बाहेर येईल. बहुतेक वेळा तसं होत नाही. तारेचे एकोणीस धागे एकदम तुटत नाहीत, एकेक करत तुटतात, आणि तुटलेला प्रत्येक धागा ब्रशच्या केसासारखा बाजूला उभा राहून डोक्याला आत अडकवतो. अशा वेळी:

- तारेच्या बाहेर पडण्याच्या वाटेने जुन्या तारेचा एक ताठ तुकडा आत घाला आणि डोक्याला मागून ढकला. समोरून ओढण्यापेक्षा मागून ढकलणं जवळजवळ नेहमीच सोपं पडतं.
- धागे बाहेर डोकावत असतील तर बारीक पक्कडीने एकेक धरून, तारेचा पीळ ज्या दिशेने आहे त्या दिशेने किंचित फिरवत काढा.
- डोकं भोकाच्या कडेला अडलं असेल तर लिव्हर एक क्लिक वर घ्या आणि परत सोडा. एकच क्लिक. अडलं तर जोर लावू नका.
- सायकल आडवी किंवा उलटी करा, म्हणजे भोक जमिनीकडे येईल आणि सुटे तुकडे खाली पडतील.

डोकं निघालं म्हणजे काम झालं असं समजू नका. काढलेला तुकडा आणि फ्रेममध्ये राहिलेली तार शेजारी ठेवून टोकं जुळवा. एखादा धागा आखूड दिसत असेल तर उरलेला तुकडा लिव्हरच्या आत आहे. एक सेंटिमीटरचा धागा दात्यांमध्ये गेला तर लिव्हर अधूनमधून क्लिक चुकवायला लागतो, आणि मग लोक महिनाभर डिरेलरला दोष देत बसतात.

> तपासणी: नवी तार घालण्याआधी रिकाम्या लिव्हरने सगळे गिअर वर चढवा, सगळे खाली उतरवा. प्रत्येक क्लिक स्वच्छ यायला हवी. कुठे खरखर किंवा अडखळ जाणवली तर आत अजून काहीतरी आहे. तपासून झाल्यावर लिव्हर पुन्हा पूर्ण सोडायला विसरू नका.

धागे निघतच नसतील आणि लिव्हर पूर्ण जाम असेल तर तो खोलून बघायचा मोह टाळा. आतल्या स्प्रिंगा आणि चकत्या परत त्याच क्रमाने बसवणं घरच्या टेबलावर होत नाही. इथे मेकॅनिककडे जाणं शहाणपणाचं.

## ४. जुनी तार ओढण्याआधी थांबा

केबल फ्रेमच्या बाहेरून जात असेल तर ही पायरी सोडा. डिरेलरचा बोल्ट सैल करून तार सरळ काढून घ्या.

केबल फ्रेमच्या आतून जात असेल तर मात्र फ्रेममधली जुनी तार हाच नव्या तारेचा रस्ता आहे. ती ओढून काढली की रस्ता गेला, आणि मग तळाच्या ब्रॅकेटजवळच्या (क्रँकचा आस जिथे बसतो तिथल्या) बोटाएवढ्या खिडकीतून तार मासेमारीसारखी शोधत बसावं लागतं. म्हणून आधी एक बारीक प्लॅस्टिकची लायनर नळी घ्या. जुन्या तारेचं उसवलेलं टोक साफ कापा, फ्रेमच्या एका टोकाकडून ती नळी तारेवर सरकवत दुसऱ्या टोकाने बाहेर काढा, आणि नळीची दोन्ही टोकं चिकटपट्टीने फ्रेमला चिकटवा. आता जुनी तार काढली तरी वाट शाबूत राहते. नवी तार नळीतून घाला, मग नळी ओढून घ्या. ही नळी फक्त वाट दाखवायला आहे. तुमच्या फ्रेममध्ये कंपनीने आधीच कायमची नळी दिली असेल तर तिला हात लावू नका.

दोन्ही केबल आतून जात असतील तर नवी तार दुसरीभोवती वेढा घालत नाही ना हे पाहा. वेढा बसला की एक गिअर बदलताना दुसरा हलतो.

## ५. आउटर: बदलायची की ठेवायची

नवी तार जुन्या आउटरमध्ये घालून दोन बोटांनी मागेपुढे करा. ती लोण्यासारखी सरकायला हवी. अडखळत असेल तर आउटर बदला, तेल ओतून जगवू नका. माझं मत विचाराल तर डिरेलरजवळचा शेवटचा वळलेला तुकडा तार बदलताना दर वेळी बदलावा. चाकाने उडवलेलं पाणी आणि माती आधी तिथेच शिरते, आणि तुकडा हातभरसुद्धा नसतो.

नवा तुकडा जुन्याच्या लांबीचा कापा. जुना मुळात चुकीच्या लांबीचा असेल तर: वळण मोकळं, गोल असावं, आखूड असलं की डिरेलर ओढला जातो, लांब असलं की घर्षण वाढतं. हँडलजवळच्या आउटरसाठी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, कुठे ताण येता कामा नये. तो भाग बदलायचा असेल तर बार टेप सोडावी लागते, नुसती तार बदलायला नाही.

कापताना काटकोनात कापा. कापल्यावर आतली प्लॅस्टिकची नळी चेपलेली असते. आरीचं टोक घालून ती पुन्हा गोल करा. मगच फेरूल बसवा. चेपलेल्या तोंडाने तार घासत राहते आणि असं एक तोंड सगळ्या जुळवणीचा विचका करायला पुरेसं आहे.

## ६. नवी तार ओवा

लिव्हर सोडलेला आहे हे पुन्हा एकदा पाहा. तार भोकातून घाला. पलीकडे निघेना तर टोकाला अगदी किंचित बाक द्या आणि ढकलताना तार बोटांत फिरवा. घडी पडेल इतका जोर लावू नका, घडी पडलेली तार बादच. तार बाहेर आली की ओढत डोकं आतल्या खाचेत बसवा. बसताना हाताला बारीक टक्क जाणवतं.

> तपासणी: तार अजून कुठेही ओवलेली नसताना एका हाताने ताणून धरा आणि दुसऱ्याने सगळे गिअर वर-खाली करा. प्रत्येक क्लिकला तार एक ठरावीक पाऊल आत जायला हवी आणि तेवढंच बाहेर यायला हवी. हे आत्ता चुकत असेल तर डोकं नीट बसलेलं नाही. पुढे जाऊन काही उपयोग नाही.

नंतर लिव्हर पूर्ण सोडा आणि तार आउटर, फ्रेम, खालच्या ब्रॅकेटखालची प्लॅस्टिकची खाच, मागची आउटर अशा क्रमाने ओवत न्या. तार मध्येच कापू नका. जास्तीची लांबी शेवटी कापायची आहे. ब्रॅकेटखालच्या खाचेतली जुनी माती आधी पुसा. आवरण चढवलेल्या तारेला ग्रीस लावू नका. साध्या तारेलाही मी आउटरच्या आत ग्रीस लावत नाही, ते धूळ धरून ठेवतं.

## ७. डिरेलरला बांधा

बॅरल अ‍ॅडजस्टर, म्हणजे आउटर जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथला हाताने फिरवायचा गोल नट, पूर्ण आत फिरवा आणि मग एक ते दोन फेरे बाहेर काढा. चेन सर्वांत लहान चक्रावर, लिव्हर सोडलेला. रस्त्यात H स्क्रू फिरवला असेल आणि अजून परत आणला नसेल तर तो आत्ता मोजून मूळ जागी आणा.

आता सगळ्या आउटरची टोकं आपापल्या खोबणीत बसली आहेत का ते एकेक हाताने दाबून पाहा. मग तार पक्कडीने ताठ ओढा. ढिलाई जाईल इतकीच; डिरेलर जागचा हलला तर जास्त ओढली.

बोल्टच्या वॉशरखाली तारेसाठी एक खाच असते. तार त्याच खाचेतून जायला हवी. बोल्टच्या चुकीच्या बाजूने बांधली तर प्रत्येक क्लिकला डिरेलर किती सरकतो हे प्रमाणच बदलतं, आणि मग लहान चक्रांवर जुळलं की मोठ्यांवर बिघडतं. जुन्या तारेने वॉशरवर उमटवलेली रेघ हा सर्वांत खात्रीचा पुरावा. बोल्ट साधारण ५ ते ७ न्यूटन-मीटर आवळतात. तुमच्या डिरेलरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा.

> सावधान: मोठ्या चक्राकडे पहिल्यांदा जाण्याआधी क्रँक सावकाश फिरवत डिरेलर हातानेच आत ढकलून पाहा. तो सर्वांत मोठ्या चक्रापाशी थांबायला हवा, चाकाच्या तारांना शिवता कामा नये. शिवत असेल तर L स्क्रू, म्हणजे मोठ्या चक्राकडचा लिमिट स्क्रू, आधी नीट करा. थांबत असेल तर लिमिट स्क्रूंचा विषय संपला.

तार बसवून घेणं हे पुढचं काम. "नवी केबल ताणते" असं आपण म्हणतो, पण लांबी वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः आउटर आणि फेरूल आपापल्या जागी दाबून बसल्यामुळे. उघड्या तारेला फ्रेमपासून दूर चार-पाच वेळा दमदार ओढा. तार आतून जात असेल तर मोठ्या चक्रापर्यंत चढून लिव्हर अजून वर नेत असल्यासारखा दाबा. मग लहान चक्रावर परत या. तार ढिली झालेली दिसेल. बोल्ट सोडून पुन्हा ओढा, पुन्हा आवळा. हे इथे केलं की पहिल्या राइडमध्येच गिअरची जुळणी बिघडत नाही.

## ८. गिअर जुळवा

आता फक्त बॅरल. बॅरल बाहेर काढला की ताण वाढतो आणि चेन मोठ्या चक्राकडे जाते. आत घातला की ताण कमी होतो.

क्रँक फिरवत एक क्लिक द्या. चेन दुसऱ्या चक्रावर चढायला हवी. चढली नाही तर बॅरल अर्धा फेरा बाहेर, पुन्हा प्रयत्न. तिसऱ्यावर उडी मारली तर आत. चढू लागली की पाव-पाव फेऱ्याने पुढे जा: दुसऱ्या चक्रावर असताना चेन तिसऱ्याला नुकती घासू लागेपर्यंत बॅरल बाहेर, आणि घासणं थांबेपर्यंत परत आत. हीच जागा. यानंतर सगळे गिअर एकेक करून वर, मग एकेक करून खाली.

खाली येताना जे दिसतं ते जास्त बोलकं असतं. वर चढताना लिव्हर जोराने ओढत असतो, त्यामुळे थोडंफार घर्षण झाकलं जातं. खाली येताना डिरेलरची स्प्रिंग एकटीच काम करते. त्यामुळे:

- वर जायला कुचराई, खाली येणं झटपट: ताण कमी. बॅरल बाहेर.
- वर झटपट, खाली येताना अडखळ, आणि बॅरल आत घेतला की वर जाणं बिघडतं: हे घर्षण आहे. कितीही फिरवा, जुळणार नाही. चेपलेलं आउटरचं तोंड, जुना शेवटचा तुकडा किंवा ब्रॅकेटखालची खाच पाहा.
- एका टोकाची चक्रं जुळतात, दुसऱ्या टोकाची नाहीत: तार बोल्टच्या खाचेतून गेली आहे का ते पाहा. ती बरोबर असेल तर डिरेलरचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा, वाकलेला असण्याची शक्यता मोठी. सायकल उजव्या अंगावर पडली होती का, ते आठवा.

पुढच्या डिरेलरबाबत एवढंच: तत्त्व हेच, पण काही नव्या शिमानो मॉडेलमध्ये तारेचा ताण डिरेलरवरच्याच एका छोट्या स्क्रूने ठरतो. तिथे कंपनीचा क्रम पाळा, अंदाज चालत नाही.

## ९. टोक कापा

सगळं जुळल्यावरच कापा. बोल्टपासून ३ ते ४ सेंटिमीटर तार ठेवा, कापताना टोक डोळ्यांपासून दूर धरा, आणि लगेच टोपी दाबून बसवा. टोपी न बसवलेली तार उसवते, आणि पुढच्या वेळी बोल्ट सोडलात की ती परत खाचेत जात नाही. टोक चेन किंवा चाकाकडे जाणार नाही असं वळवून ठेवा.

हूड परत बसवताना त्याच्या कडा सगळीकडून नीट खाली गेल्या आहेत का पाहा. दुमडलेली कड तळहाताला तासाभरात जाणवते.

पहिल्या काही राइडनंतर पाव-अर्धा फेरा बॅरल बाहेर काढावा लागेल, ते अपेक्षितच आहे. त्यानंतर मात्र गिअर महिनोन्महिने जागेवर राहायला हवेत. काही महिन्यांनी किंवा वर्षा-दोन वर्षांनी ते अचानक दर राइडला बिघडू लागले, लिव्हर जड किंवा किरकिरा झाला, तर बॅरलकडे जाऊ नका. हूड उलटा, टॉर्च मारा आणि डोक्याजवळची तार पाहा. एखादा धागा उभा दिसला तर त्याच दिवशी केबल बदला. अखंड केबल डोक्यासकट दोन मिनिटांत निघते.